न विचारलेलं तिसरं कारण

चतुर्थी जवळ आली की आमच्या रस्त्याचा आवाज बदलतो. एरवी इथून एसटी जाते, चिऱ्याचे ट्रक जातात, मासळीचे टेम्पो जातात. ते आवाज मला घरच्या माणसांच्या खोकल्यासारखे ओळखीचे आहेत. श्रावण सरत आला की त्यांत परके आवाज मिसळू लागतात. मुंबई-ठाण्याचे चाकरमानी आपापल्या गाड्या घेऊन कसालहून मालवणकडे वळतात, आणि पडवीत डोळे मिटून बसल्या बसल्या मी सांगू शकतो की आत्ता गेली ती गाडी साधी होती की टर्बोची. टर्बोला दम धरल्यासारखी एक बारीक शीळ असते. चालवणाऱ्याने पाय उचलला की ती तुटते आणि कोणी दातांतून हवा सोडावी तसा आवाज येतो. आयुष्यभर मी इंजिनं ऐकली. आधी मुंबईत एका वर्कशॉपमध्ये, मग मालवणला ट्रॉलरची, आणि शेवटी याच रस्त्याला माझ्या स्वतःच्या गॅरेजात. अजूनही चांगलं इंजिन गेलं की मान आपोआप वळते. आणि लगेच तोंड कडू होतं.

या दिवसांत पाऊस थकलेला असतो. दोन-चार सरी येऊन जातात, मध्येच लख्ख ऊन पडतं, आणि भाताच्या खाचरांतून उबट वाफ वर येते. भात पोसवलेलं असतं, त्याचा दुधट वास वाऱ्याबरोबर घरात शिरतो. बांधावर तेरडा माजलेला असतो. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीसाठी माणसं रानातून कवंडळं, शेरवडं, सुपारीचे घोस घेऊन येतात, आणि ओल्या वाटांवर त्यांच्या पायांना लागलेला लाल चिखल थेट देवघरापर्यंत जातो. मला हे सगळं आवडायचं. आवडायचं असं लिहावं लागतं, याला कारण मी स्वतः आहे.

परवा आमच्या वाडीतल्या एकाचा मुलगा आला. पनवेलला नोकरी, नवी टर्बो-पेट्रोल गाडी, चाकं रुंद केलेली. गाडी अंगणात लावून पडवीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "आजोबा, बूस्ट कितीपर्यंत वाढवला तर सेफ?"

त्याला आकडा हवा होता. सगळ्यांनाच आकडा हवा असतो. मी म्हटलं, आकडा नंतर, आधी सांग पेट्रोल कुठलं घालतोस. म्हणाला, मिळेल ते. मग मी त्याला सांगत बसलो. टर्बो हा धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. जास्त कोंबली की जोर वाढतो, पण त्याबरोबर पेट्रोलही वाढवावं लागतं आणि ठिणगी जराशी उशिरा पाडावी लागते. हे गाडीच्या मेंदूला सांगून करायचं असतं, त्याच्या पाठीमागून नाही. आधी नळ्यांचे क्लिप बघ, हवा थंड करणारी पुढची जाळी चिखलाने बुजली आहे का ते बघ, प्लग बघ. मग थोडंसं वाढव आणि तेवढ्यावर पुष्कळ दिवस चालव. तापलेल्या गाडीने, भरलेल्या गाडीने, चढावर चालव. प्लग काढून पुन्हा बघ. हद्द कुठे आहे ते कळलं की तिच्या बरंच अलीकडे थांब. कारण ज्या दिवशी तू हद्द मोजतोस तो दिवस थंड असतो, आणि ज्या दिवशी गाडी फुटते तो गरम.

तो ऐकत होता, पण मध्ये मध्ये फोनकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "आता लॅपटॉपवर सगळं होतं आजोबा. तुम्ही हाताने करायचात ते दिवस गेले." मग उठता उठता हसून म्हणाला, "पण बाबा सांगतात, तुमचा हात भारी होता. शालनकाकीच्या भेसळीने तुमच्या भाच्याची गाडी फुटली, नाहीतर ती अजून धावली असती."

हा मुलगा त्या वर्षी शाळेत असेल. त्याने काही पाहिलेलं नाही. पण त्याला ते सूर्य पूर्वेला उगवतो तसं माहीत आहे. गावात कोणाची मोटारसायकल चालू झाली नाही की अजून कोणीतरी म्हणतं, "शालनचा प्याट्रोल घातलंस काय रे?" आणि आजूबाजूचे हसतात. मीही त्या हसण्यात उभा राहिलो आहे.

शालनवहिनीच्या पेट्रोलात भेसळ नव्हती. हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. आणि तिचा एकुलता एक मुलगा दिगंबर त्या वर्षापासून चतुर्थीला घरी आलेला नाही, हेही मला दर वर्षी डोळ्यांनी दिसतं. या दोन गोष्टींच्या मधे मी बसलेलो आहे. तिथून उठावं म्हणून हे लिहितो आहे.

ती चतुर्थी पावसाची होती. माझा भाचा संदेश, थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्काचा मुलगा, डोंबिवलीहून नवी गाडी घेऊन आला होता. लहानशी, लाल, टर्बोची. येताना मुंबईचं महागातलं पेट्रोल टाकी भरून घातलेलं, वर कॅन भरून बरोबर आणलेलं. त्याने इंजिन सहसा ठोकत नाही, म्हणजे ठिणगीच्या आधीच आत भडका उडत नाही. आल्या दिवशीच म्हणाला, "मामा, हिचा बूस्ट वाढवून द्या ना. तिकडे लोक खूप मागतात, आणि त्यांच्यावर माझा विश्वास पण नाही."

तो शेवटचा भाग मला गोड लागला.

कंपनीने टर्बोला एक दार ठेवलेलं असतं. दाब ठरलेल्या हद्दीवर गेला की दार उघडतं आणि जास्तीचा धूर पंख्याला न फिरवता बाहेर जातो. त्या दाराला दाब कळवणारी एक बारीक नळी असते. मी त्या नळीत एक छोटी पितळी चावी बसवली. चावी थोडी उघडली की नळीतला दाब थोडा गळतो, दाराला वाटतं अजून हद्द आली नाही, आणि ते उशिरा उघडतं. सगळी युक्ती एवढीच, राखणदाराला खोटी बातमी द्यायची. ट्रॉलरवर, टेम्पोवर मी हे कितीदा केलं होतं. पण ती डिझेलची रांगडी इंजिनं. पेट्रोलचं इंजिन तेवढं सोसत नाही, हे मला माहीत होतं, आणि म्हणून सुरुवातीला मी नीट वागलो.

त्या दिवसांत रोज सकाळी आम्ही धामापूरच्या रस्त्याला गाडी नेत असू. तळ्याच्या बाजूला झाडं रस्त्यावर वाकलेली, पानांवरून थेंब पडतायत, हवा ओली आणि गार. तळ्याचं पाणी काठोकाठ, त्यावर धुकं. देवळातून घंटा ऐकू यायची. मी शेजारच्या सीटवर, मांडीवर दाबाचं घड्याळ, खिडकी उघडी, कान बाहेर. संदेश पाय दाबायचा आणि गाडी पाण्यातून मासा निसटावा तशी पुढे निघायची. मी केसभर चावी फिरवायचो, पुन्हा जायचो, थांबून प्लग काढून बघायचो. प्लग फिकट तपकिरी, स्वच्छ. एका ठिकाणी मी म्हटलं, बस. याच्या पुढे नाही. ती जागा चांगली होती. मी आजही सांगतो, त्या जागेवर चावी राहिली असती तर ती गाडी आज कोणाच्या तरी दारात उभी असती.

त्या सकाळींसारखा आनंद मला पुन्हा झाला नाही. तो खरा होता, आणि तोच पुढच्या सगळ्याचं मूळ होता, म्हणून त्याची आठवणही मला धड घेता येत नाही.

गौरी-गणपती गेले. मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी कसालच्या बाजूला सरळ रस्त्यावर संदेशने कोणा पुण्याच्या गाडीशी शर्यत लावली आणि मागे पडला. परत आला तो हिरमुसून. दोन-तीन जण बरोबर होते. सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, थोडंसंच कमी पडलं हो."

कोणीतरी म्हणालं, "मेस्त्र्याचो हात आता थकलो काय?"

ते गमतीने होतं. मी बॉनेट उघडलं आणि चावी फिरवली. घड्याळ लावलं नाही, प्लग काढला नाही, धामापूरला गेलो नाही. माणसं बघत होती.

मग संदेशने विचारलं, "मुंबईचं पेट्रोल संपत आलंय. इथलं साधं चालेल ना?"

याचं उत्तर 'नाही' असं होतं. चावी जुन्या जागी असती तरी 'जपून' असं होतं. मी म्हटलं, "माझ्या हातची गाडी आसा. चालतला."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. भाद्रपदातलं ते ऊन ज्याने सोसलं त्यालाच कळेल. पावसाने धुतलेल्या आभाळातून ते सरळ टाळूवर येतं, आणि खालून जमीन वाफ सोडते. पंपावरचं पेट्रोल चाकरमान्यांच्या गर्दीने संपलं होतं. आमच्या फाट्यावर शालनवहिनीचं दुकान. तिचा नवरा माझ्या बरोबरीचा, तो गेल्यावर तिनेच दुकान चालवलं. दिगंबर पंपावरून कॅनमधून पेट्रोल आधीच आणून ठेवायचा आणि ती फडक्यातून गाळून बाटल्या भरायची. संदेशने तिथल्या बाटल्या टाकीत ओतल्या. गाडीत अक्का, भावोजी, मागे नारळाची पोती, तांदूळ, फणसाची साठं. हायवे तुंबला होता म्हणून ते फोंडा घाटातून कोल्हापूरमार्गे निघाले. एसी पूर्ण चालू. दुपार. चढ.

अर्ध्या घाटात इंजिनाने ठोका धरला असणार. आत कोणी बारीक खडे हलवावेत तसा तो आवाज असतो. संदेशला तो ऐकू आला नाही, काचा बंद होत्या, गाणी चालू होती. मग जोर गेला, निळा धूर आला, आणि ते सगळे घाटाच्या कठड्यावर नारळांसकट बसून राहिले. संध्याकाळच्या आत गाडी दोरीने ओढत माझ्या गॅरेजात आली.

अक्का उतरली तीच म्हणत, "त्या प्याट्रोलातच काय तरी होता. तेच्या आधी गाडी कशी सुरेख चलत होती."

मी काहीच बोललो नाही. ती माझी पहिली पायरी.

शटर अर्धं ओढून मी इंजिन उघडलं. प्लगवर चांदीच्या चुऱ्यासारखे बारीक कण बसलेले. ते पिस्टनचे असतात. एका पिस्टनची रिंग बसते तिथली कड तुटून गेलेली. भेसळीने असं होत नाही असं नाही, म्हणून मी टाकीतलं थोडं पेट्रोल काढलं. पांढऱ्या कागदावर टाकलं, तळव्यावर घेतलं. फुंकर मारेपर्यंत उडून गेलं, मागे डाग नाही, चिकटपणा नाही, रॉकेलचा वास नाही. पंपावर मिळतं तसं साधं, स्वच्छ पेट्रोल. ते त्याच्या कुवतीप्रमाणे वागलं होतं. कुवतीपलीकडचं मी त्याच्याकडून मागितलं होतं.

संदेश दारातून म्हणाला, "मामा, आपण चावी फिरवली त्याने तर नसेल ना?"

"त्याचा काही संबंध नाही," मी म्हटलं. "पेट्रोलच."

पितळी चावी मी तेव्हाच काढली होती आणि मूळची नळी परत जोडली होती. संदेशने मला पुन्हा कधी विचारलं नाही. त्याला खरंच पटलं की सोयीचं वाटलं, ते मला माहीत नाही. त्याचा दोष काढायला मी हे लिहीत नाही.

अक्का मात्र थांबणारी नव्हती. ती फाट्यावर गेली आणि दुकानासमोर उभी राहून जे बोलायचं ते बोलली. रस्त्यावरची माणसं जमली. शालनवहिनी आधी समजावत होती, मग तिचा आवाज चढला, आणि मग ती एकदम शांत होऊन म्हणाली, "माझ्या हातान असा काय झालेला नाय. तुमका पटत नाय तर देवाक विचारा. मी कौल घेवक तयार आसय."

आमच्याकडे हे अजून चालतं. जमिनीचा वाद असो, घरातलं दुखणं असो, गावचे मानकरी ग्रामदेवतेच्या देवळात जमतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्यावर नंतर कोणी बोलत नाही. शालनवहिनीने तो कौल स्वतः मागून घेतला, कारण तिला तिच्या हातांची खात्री होती.

देवळात गारवा होता. दगडी फरशी ओली, फुलांचा आणि तेलाचा वास. बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला होता. गावकर, म्हणजे आमच्या गावचा मुख्य मानकरी, खांबाला टेकून बसला होता. कौल लावण्याआधी त्याने मला पुढे बोलावलं.

"मेस्त्र्या, तू ह्यातलो जाणकार. देवाक प्रश्न बरोबर घालूक होयो. असा इंजिन कशान मोडता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शालनवहिनीही बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला आठवतं, भरवसा होता. मी खरं सांगेन असा.

मी म्हटलं, "दोनच कारणां. एक तर चालवणारो चुकलो. नाय तर प्याट्रोल."

"तुझो भाचो चुकलो काय?"

"तो गाडी बरी चालयता."

गावकराने मान हलवली. "मगे प्रश्न सरळ आसा."

गुरवाने हात जोडले. बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांच्या मनात जो संशय इलो आसा, त्या प्याट्रोलात खोट असात तर उजवो कौल दे. सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाले. मीही म्हणालो. माझा आवाज मला त्यांत वेगळा ऐकू आला. मग फक्त पावसाचा आवाज. पाकळी निसटायला वेळ घेते, आणि त्या वेळात माणूस काहीही कबूल करू शकतो.

उजवी पडली.

देव खोटं बोलला असं मी कधीच म्हणणार नाही. ओली पाकळी तिच्या वजनाने पडते, की कोणी पाडतं, यात मला शिरायचं नाही. पण ज्याला दोनच वाटा दाखवल्या त्याने तिसरीवर कसं जावं? तिसरं कारण खांबाजवळ हात जोडून उभं होतं. त्याचं नाव प्रश्नात नव्हतं, आणि प्रश्न त्यानेच घालून दिला होता.

मला वाटलं होतं शालनवहिनी भांडेल. ती भांडली असती तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ती भांडली नाही. तिने पदर डोक्यावर घेतला, पाषाणासमोर डोकं टेकलं आणि म्हणाली, "चुकी झाली म्हाराजा." देवाने सांगितलं म्हणजे झालं असणार. आपल्या हाताने झालं नाही, हे तिला माहीत होतं. मग उरला कोण? कॅन आणणारा.

तो भाग मी पाहिलेला नाही, शेजाऱ्यांकडून ऐकला. तिने दिगंबरला देव्हाऱ्यापुढे उभं केलं आणि दिव्यावर हात ठेवून शपथ घे म्हणाली. तो तेव्हा पंचविशीतला, लग्न ठरण्याच्या बेतात. तो म्हणाला, "आये, तुका माझ्यापरास फुलाची पाकळी खरी वाटता?" शपथ त्याने घेतली नाही. घेतली नाही म्हणजे मनात काळं आहे, असं तिला वाटलं, आणि बघणाऱ्यांनाही. दसऱ्याच्या आत तो गोव्याला निघून गेला. ठरत आलेलं लग्न मोडलं. पुढे तिकडेच कोणाशी केलं. फोन करतो, औषधपाणी विचारतो. येत नाही.

पेट्रोल बंद झालं, मग दुकानही नावाला उरलं. मुंबईला इंजिन दुरुस्त होऊन संदेशने ती गाडी विकली, आणि त्याच्यासाठी विषय संपला. माझ्यासाठी दर वर्षी चतुर्थी आली. आमचं भजन घरोघर जातं, मी झांज वाजवतो. शालनवहिनीच्या घरी दीर आणि त्याची माणसं आरतीपुरती येतात. बाकी ती आणि गणपती. आरती झाली की काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे, आणि दर वर्षी ताट वाढताना ती हळूच म्हणायची, "भावजीनू, तुमच्या भाच्याक आमच्यामुळे तरास झालो. मनात धरू नकात." मी म्हणायचो, "जावंदे गो वयनी, झाला ता झाला." आणि जेवायचो. ताटात काही टाकलं नाही कधी. त्या घरात बसून मी तिला क्षमा करत आलो. याहून हलकं काम माझ्या हातून झालेलं नाही.

पनवेलचा तो मुलगा गाडी घेऊन गेला त्या संध्याकाळी मी आधी गावकराकडे गेलो. खरं तर आधी तिच्याकडे जायला हवं होतं. पण पुरुषांकडे जाणं सोपं वाटलं. गावकर आता पुष्कळ थकला आहे. खाटेवर पडून त्याने सगळं ऐकलं.

"म्हणजे देवाचो कौल खोटो म्हणतंस?"

"कौल खोटो नाय. प्रश्न खोटो होतो. तो मी घातलंय."

"एकच झाला ता." तो वाशांकडे बघत म्हणाला, "ह्या गावात त्या कौलार किती वाद मिटलेत तुका म्हायत आसा? एक फिरवलंस की उद्या लोक सगळे फिरवतले. जमिनीचे, घरांचे. एका बायल माणसासाठी?"

"तिचो झील दिगंबर येणा नाय."

"तू तिका सांग खाजगीत. देवळात नको." मग डोळे मिटून म्हणाला, "चतुर्थी तोंडार इली. वायट घडवू नको मेस्त्र्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी फाट्यावर गेलो. शालनवहिनी ओसरीवर माटवीची चौकट पुसत बसली होती. एकटीच. मी समोर बसलो आणि कसं सांगायचं ते जुळवत राहिलो, तेव्हा तीच म्हणाली, "काय झाला भावजीनू? बरा नाय काय?"

मी सांगितलं. चावी, आदल्या दिवशीची फिरवाफिरव, साधं पेट्रोल चालेल म्हणालो ते, कागदावरचा न उमटलेला डाग, देवळातली दोन कारणं. सगळं सरळ सांगितलं, काही मऊ केलं नाही. तिचं फडकं चौकटीवर फिरत होतं, ते हळूहळू थांबलं.

"म्हणजे आमच्या प्याट्रोलात काय नव्हता?"

"काय नव्हता. स्वच्छ होता."

"आणि ह्या तुमका त्याच दिवशी म्हायत होता."

"व्हय."

ती रडली नाही, ओरडली नाही. बाहेर रस्त्यावरून एक गाडी शीळ घालत गेली. मग ती आत गेली, फोन घेऊन आली, दिगंबरचं नाव काढलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"तेका सांगा. माझ्या तोंडान नको."

मी त्यालाही सगळं सांगितलं. मागे कारखान्याचा घरघराट होता. त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "माका म्हायत होता मी काय केलंय नाय ता. त्यात नवीन काय सांगलात?"

"तुझ्या आयेक पटला आता."

"पटला ना." तो हसला असावा, किंवा घसा साफ केला असावा. "तुमी सांगलात म्हणान पटला, काकानू. तेव्हा पाकळीन सांगलान म्हणान पटला होता. मी सांगलंय ता कधीच पटूक नाय. ता तुमी कसा दुरुस्त करतलात?"

त्याने फोन ठेवला.

शालनवहिनीने विचारलं, "काय म्हणालो?" क्षणभर मला वाटलं, काहीतरी गोड सांगावं. बघूया म्हणालो, येतो म्हणालो, असं काही. मग मी तो जे बोलला ते शब्द न शब्द सांगितलं. तिने पदराच्या टोकाने चौकटीचा एक कोपरा पुन्हा पुसला, जो आधीच स्वच्छ होता.

"बरोबर बोललो तो," ती म्हणाली.

मी म्हटलं, देवळात मला बोलू देणार नाहीत, पण मी हे लिहून काढतो. चतुर्थीला लोक येतात, वाचतील. तुझं नाव स्वच्छ होईल.

"माझा नाव ऱ्हवांदे बाजूक," ती म्हणाली. "माझ्या झिलार मी इस्वास ठेवलंय नाय. ती चुकी माझीच, ती तुमची न्हय. लिवतलात तर दिगंबराचा लिवा."

तर तिच्या सांगण्याप्रमाणे, आमच्या गावच्या आणि गावाबाहेरच्या माणसांसाठी, लिहितो. त्या चतुर्थीला आमच्या फाट्यावर विकलं गेलेलं पेट्रोल शालनवहिनीचा मुलगा दिगंबर याने पंपावरून आणलं होतं, आणि त्यात त्याने काहीही मिसळलं नव्हतं.